पेन्शनरांचे गुन्हे: स्पॅनिश पडद्यावरची सहा वर्षे

1964 साली स्पेनमध्ये ‘लोस दिनामितेरोस’ म्हणजे ‘सुरुंगवाले’ नावाचा चित्रपट पडद्यावर आला. तीन म्हातारी माणसे, दोन पुरुष आणि एक बाई, ज्या संस्थेतून दरमहा तुटपुंजे पेन्शन घेतात तिचीच तिजोरी फोडायचे ठरवतात आणि त्यासाठी स्फोटकांचा अभ्यास करू लागतात, अशी त्याची कथा. दिग्दर्शक हुआन गार्सिया आतिएन्सा यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा कथापट होता आणि तोच शेवटचा ठरला. चित्रपट मात्र एकटा नव्हता. 1958 ते 1964 या सहा वर्षांत स्पॅनिश सिनेमात वृद्धांभोवती आणि गुन्ह्याभोवती फिरणाऱ्या काळ्या विनोदाची एक सलग मालिकाच तयार झाली. ‘एल पिसितो’, ‘एल कोचेसितो’, ‘प्लासिदो’, ‘एल वेर्दुगो’ आणि ‘लोस दिनामितेरोस’ ही त्यातली ठळक नावे. फ्रँकोच्या हुकूमशाहीत सामान्य माणूस कसा जगत होता, हे त्या काळच्या सरकारी अहवालांपेक्षा या चित्रपटांत अधिक खरेपणाने उतरले आहे.

यादवी युद्ध 1939 मध्ये संपले तेव्हा स्पेन उद्ध्वस्त झाला होता. पुढची जवळजवळ पंधरा वर्षे टंचाईत, शिधापत्रिकांवर आणि काळ्या बाजारात गेली. खेड्यांतून माद्रिद आणि बार्सिलोनाकडे माणसांचे लोंढे सुरू झाले आणि शहरांत घर मिळणे दुरापास्त झाले. 1946 च्या भाडेकायद्याने जुन्या भाडेकरूंना संरक्षण दिले. भाडे जवळजवळ गोठले आणि भाडेकरूच्या मृत्यूनंतर पती-पत्नीसारख्या जवळच्या नातेवाइकाला त्याच भाड्यात घर चालू ठेवता येऊ लागले. मुंबईच्या चाळींत पागडीच्या खोल्यांसाठी झालेली भांडणे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना या कायद्यातून काय काय निपजले असेल हे सांगायला नको. जुना भाडेकरू मरावा म्हणून घरमालक वाट पाहू लागले, आणि त्याच भाडेकरूचा वारस होता यावे म्हणून घर नसलेली तरुण माणसेही वाट पाहू लागली.

म्हाताऱ्यांची स्थिती आणखी अवघड होती. 1947 मध्ये वृद्धत्व आणि अपंगत्व यांसाठी सक्तीचा विमा सुरू झाला होता. शिवाय वेगवेगळ्या धंद्यांच्या स्वतंत्र कामगार सहायक संस्था होत्या. वर्गणी त्यांच्याकडे जाई आणि पेन्शनही त्यांच्याकडूनच येई. रक्कम थोडी, नियम किचकट आणि संस्थेगणिक निराळे. महागाई वाढली तरी पेन्शन त्या चालीने वाढत नसे. ज्यांना मुलाबाळांचा आधार होता ते त्यांच्या घरात एका कोपऱ्यात राहत, ज्यांना नव्हता ते धर्मादाय वृद्धाश्रमात जात. सरकारचा प्रचार कुटुंबाला राष्ट्राचा पाया म्हणत होता, आणि त्या कुटुंबात म्हाताऱ्याच्या हाती स्वतःचा असा पैसा बहुधा नसे.

अशा समाजावर हसण्याची सोय एका साप्ताहिकाने करून ठेवली होती. मिगेल मिउरा यांनी 1941 मध्ये सुरू केलेल्या ‘ला कोदोर्निस’ या विनोदी नियतकालिकाने उघड राजकारण टाळून विसंगतीचा, तर्कटाचा विनोद रुजवला. 1950 च्या दशकात राफाएल आस्कोना हा लोग्रोन्योहून माद्रिदला आलेला तरुण तिथे लिहू आणि चित्रे काढू लागला. त्याचा जन्म 1926 चा. भाड्याच्या खोल्या, खानावळी आणि कॅफे यांत त्याचे दिवस जात. माणसे कशावरून भांडतात, कशाचा हिशोब मांडतात, मेलेल्याच्या खोलीत बसूनही कोणत्या क्षुल्लक गोष्टी बोलतात, हे त्याने तिथे टिपले. त्याच्या लेखनात दुष्ट माणूस क्वचितच भेटतो. भेटतात ती हप्ते, भाडे आणि नोकरी यांच्या कचाट्यात सापडून हळूहळू निर्दय होत गेलेली साधी माणसे.

आस्कोनाला सिनेमात आणले ते मार्को फेरेरी या इटालियनाने. मिलानचा हा गृहस्थ 1950 च्या दशकाच्या मध्यास रुंद पडद्याच्या ‘टोटालस्कोप’ भिंगांचा विक्रेता म्हणून स्पेनमध्ये आला होता. ‘ला कोदोर्निस’मधले लेखन वाचून त्याने आस्कोनाला गाठले आणि त्याच्या कादंबऱ्यांवर चित्रपट काढायची गळ घातली. पहिला चित्रपट 1957 च्या ‘एल पिसितो’ म्हणजे ‘छोटा फ्लॅट’ या कादंबरीवर झाला. 1958 मध्ये चित्रित झालेल्या या चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून फेरेरीबरोबर इसिदोरो मार्तिनेस फेरी यांचेही नाव आहे, कारण स्पेनमध्ये दिग्दर्शनाचा अधिकृत परवाना फेरेरीकडे नव्हता.

रोदोल्फो आणि पेत्रिता यांचे लग्न ठरून वर्षानुवर्षे झाली आहेत, पण घर नाही म्हणून लग्न नाही. रोदोल्फो डोन्या मार्तिना या म्हाताऱ्या भाडेकरणीच्या घरात पोटभाडेकरू आहे. ती मेली की घर मालकाकडे जाणार. उपाय एकच. रोदोल्फोने त्या मरणोन्मुख म्हातारीशी लग्न करायचे, ती गेली की नवरा म्हणून भाडेहक्क मिळवायचा आणि मग पेत्रिताशी संसार थाटायचा. वाग्दत्त वधू या व्यवहाराला आधी चिडते आणि नंतर स्वतःच त्याच्या मागे लागते. लग्न होते आणि म्हातारीचे मरण लांबणीवर पडते. लग्नाने तिला जणू नवे बळ येते. होसे लुईस लोपेस वास्केस याने रोदोल्फोची घुसमट ओशाळ्या हास्याआड इतकी अचूक दाखवली आहे की पुढची कित्येक वर्षे अगतिक मध्यमवर्गीय माणूस म्हटला की स्पॅनिश प्रेक्षकाला तोच चेहरा आठवे. या कथेत कायद्याने गुन्हा ठरेल असे कोणीच काही करत नाही. सगळे कायद्याला धरूनच चालते आणि सगळे एका बाईच्या मरणाची वाट पाहतात.

पुढच्या चित्रपटात प्रत्यक्ष गुन्हा आला. ‘एल कोचेसितो’ म्हणजे ‘छोटी गाडी’ हा 1960 चा चित्रपट आस्कोनाच्या त्याच वर्षीच्या ‘गरीब, पांगळा आणि मेलेला’ अशा अर्थाच्या कथासंग्रहातल्या एका दीर्घकथेवर बेतला होता. निर्माता होता कॅटलान पेरे पोर्ताबेया. त्याच्या ‘फिल्म्स 59’ या छोट्या संस्थेने कार्लोस साउराच्या पहिल्या चित्रपटालाही पैसा पुरवला होता. छायाचित्रण हुआन हुलिओ बाएनाचे आणि संगीत मिगेल आसिन्स आर्बो यांचे होते.

नायक डॉन आन्सेल्मो हा निवृत्त विधुर माद्रिदमध्ये मुलाच्या घरी राहतो. मुलगा कोर्टकचेरीची कामे करणारा, त्याचे कार्यालय घरातच. घरात सून आहे, नात आहे, नातीचा होणारा नवरा आहे. प्रत्येकाला काम आहे आणि म्हाताऱ्यासाठी कुणाकडे वेळ नाही. त्याचा मित्र डॉन लुकास याचे पाय अधू झालेले असतात. तो अपंगांसाठीची मोटार बसवलेली तीनचाकी गाडी विकत घेतो. गाडी आल्यावर त्याचे सगळे आयुष्यच बदलते. तशाच गाड्या असलेल्या इतर अपंगांची टोळी त्याला भेटते. ते सहलीला जातात, शर्यती लावतात, खातात-पितात, प्रेमात पडतात. डॉन आन्सेल्मोचे पाय धडधाकट आहेत, आणि नेमके त्यामुळेच तो त्या टोळीबाहेर राहतो. चालता येणारा म्हातारा एकटा आणि चालता न येणारे मात्र मोकळे, अशी ही उलटी रचना आहे.

त्या सहलीचा प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. मोकळ्या माळावर गाड्या फटफट करत धावतात. कुबड्या, अधू पाय, वाकडी शरीरे यांकडे कॅमेरा कसलीही दया न दाखवता पाहतो. त्या काळच्या पडद्यावर अपंग माणूस आला की मागे व्हायोलिन वाजणार, हे ठरलेले होते. इथे अपंग माणसे इतरांसारखीच भांडखोर, मत्सरी आणि आनंदी आहेत. त्यांच्यामध्ये डॉन आन्सेल्मो मित्राच्या गाडीला लटकून आलेला पाहुणा असतो. परतल्यावर त्याच्या मनाने एकच घेतलेले असते: आपल्यालाही गाडी हवी.

वैद्यकीय साहित्याच्या दुकानाचा मालक डॉन इलारिओ गोड बोलून हे वेड वाढवत राहतो. गाडी हप्त्यांवर मिळू शकते, चालवून पाहायला हरकत नाही, रंग कसाही मिळेल. हप्त्यांच्या खरेदीचा काळ स्पेनमध्ये नुकताच सुरू झाला होता. सियात कंपनीची 600 ही छोटी मोटार 1957 मध्ये बाजारात आली होती आणि नवा मध्यमवर्ग तिची स्वप्ने पाहत होता. डॉन आन्सेल्मोचे स्वप्नही त्याच जातीचे आहे, फक्त त्याच्या वयाला आणि ऐपतीला साजेसे लहान. घरचे नकार देतात. मग तो पांगळेपणाचे सोंग आणतो. तेही उघडे पडते तेव्हा तो दिवंगत बायकोचे दागिने विकून गाडी आणतो. मुलगा व्यवहार मोडायला लावतो आणि वृद्धाश्रमात टाकायची धमकी देतो. आणि मग हा गरीब, हसरा, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला म्हातारा स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात विष ओततो.

हा क्षण फेरेरीने अजिबात रंगवलेला नाही. भडक संगीत नाही, चेहऱ्यावर राग नाही. घरातले एखादे रोजचे काम उरकावे तशी ही कृती उरकली जाते. मूळ शेवटात कुटुंब मरते, म्हातारा गाडीत बसून शहराबाहेर पळतो आणि रस्त्यावर सिव्हिल गार्डचे जवान त्याला अडवतात. तुरुंगात गाडी ठेवू देतील का, एवढीच त्याची चौकशी असते. सेन्सॉरला हे चालण्यासारखे नव्हतेच. बापाने मुलाला, सुनेला आणि नातीला मारले आणि त्याला पश्चात्तापही नाही, हे कुटुंबाचा जयघोष करणाऱ्या राजवटीत दाखवता येणार नव्हते. म्हणून स्पेनसाठी कुटुंब वाचते असा शेवट केला गेला. 1960 च्या व्हेनिस महोत्सवात मात्र चित्रपटाला आंतरराष्ट्रीय समीक्षक संघाचा पुरस्कार मिळाला. मायदेशी संशय आणि बाहेर सन्मान, असा अनुभव या मालिकेतल्या बहुतेक चित्रपटांना पुढेही आला.

डॉन आन्सेल्मो पचनी पडतो तो ही भूमिका करणाऱ्या पेपे इस्बेर्तमुळे. होसे ऊर्फ पेपे इस्बेर्त या माद्रिदच्या नटाचा जन्म 1886 चा. म्हणजे ‘एल कोचेसितो’च्या वेळी तो 74 वर्षांचा होता. ठेंगणा बांधा, फुगीर नाक आणि घशात खडे अडकल्यासारखा घोगरा आवाज. रंगभूमीवर त्याने अर्धशतक काढले होते. सिनेमातली त्याची सुरुवात योगायोगाने एका खुन्याच्या भूमिकेने झाली होती. स्पेनचे पंतप्रधान होसे कानालेहास यांना 12 नोव्हेंबर 1912 रोजी माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात, पुस्तकांच्या दुकानाची काच न्याहाळत उभे असताना, एका अराजकवाद्याने गोळ्या घातल्या. त्या घटनेची पुनर्रचना करणारा लघुपट त्याच वर्षी निघाला, आणि त्यात मारेकऱ्याच्या वेषात होता तरुण इस्बेर्त. पुढे 1953 च्या ‘बिएनवेनिदो, मिस्टर मार्शल’मधला बहिरट सरपंच, अमेरिकी मदतीच्या आशेने बाल्कनीतून गावाला भाषण देणारा, ही त्याची ओळख झाली. पडद्यावर त्याने कितीही वाईट केले तरी प्रेक्षकाला त्याचा राग येत नसे. फेरेरी आणि पुढे ‘एल वेर्दुगो’ करणारा दिग्दर्शक बेर्लांगा या दोघांनी हीच गोष्ट नेमकी हेरली. खुनी आजोबाला प्रेक्षकाने घरचा मानावा, आणि तसे मानल्यावर त्याला स्वतःच्या घराविषयी प्रश्न पडावेत, हे इस्बेर्तशिवाय साधले नसते.

याच नटाने 1962 मध्ये ‘ला ग्रान फामिलिआ’ या लोकप्रिय चित्रपटात पंधरा मुलांच्या घरातला प्रेमळ आजोबा रंगवला. ख्रिसमसच्या बाजारात, माद्रिदच्या प्लासा मायोर चौकात, हरवलेल्या छोट्या चेन्चोला तो घोगऱ्या आवाजात हाका मारत फिरतो, तो प्रसंग स्पेनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिला आहे. राजवटीला हवे असलेले कुटुंब ते हेच. सरकारला आवडणारे आजोबा आणि कुटुंबाला विष घालणारे आजोबा, दोघांचा चेहरा दोन वर्षांच्या अंतराने एकच होता.

फेरेरीचा स्पेनमधला मुक्काम त्यानंतर संपला. त्याच्या राहण्याच्या परवान्याचे नूतनीकरण झाले नाही आणि तो इटलीला परतला. आस्कोनाशी त्याची जोडी तिथेही टिकली. स्पेनमध्ये आस्कोनाला दुसरा जोडीदार मिळाला, व्हॅलेन्सियाचा लुईस गार्सिया बेर्लांगा. दोघांनी मिळून 1961 मध्ये ‘प्लासिदो’ केला. नाताळच्या रात्री प्रत्येक श्रीमंताने आपल्या टेबलावर एका गरिबाला जेवू घालावे अशी मोहीम एका छोट्या शहरात निघते आणि त्यासाठी वृद्धाश्रमातले म्हातारे घरोघरी वाटले जातात. मोहिमेला पैसा भांडी बनवणाऱ्या कंपनीचा. नायक प्लासिदो या गडबडीत आपल्या मालवाहू तीनचाकीचा हप्ता भरायला धावतोय आणि त्याला कुणी उसंतच देत नाही. एका श्रीमंत घरी जेवायला आणलेला म्हातारा तिथेच मरणाला टेकतो. यजमानांना त्याच्या जिवाची फारशी पर्वा नसते. तो ज्या बाईबरोबर लग्नावाचून राहतो तिच्याशी मरण्याआधी त्याचे लग्न लावून टाकले पाहिजे, नाहीतर आपल्या घरात पाप घडेल, याचीच त्यांना घाई असते. हा चित्रपट मान्रेसा शहरात चित्रित झाला. त्याचे मूळ नाव दानमोहिमेच्या सरकारमान्य घोषणेवरच होते, तेवढे सेन्सॉरने बदलायला लावले. परभाषी चित्रपटांच्या ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळाले, पुरस्कार इंगमार बर्गमनच्या चित्रपटाला गेला.

1962 च्या उन्हाळ्यात माहिती खात्याचा मंत्री बदलला. गाब्रिएल आरियास-सालगादो गेले आणि मानुएल फ्रागा आले. चित्रपट विभाग होसे मारिया गार्सिया एस्कुदेरो यांच्याकडे आला आणि 1963 मध्ये सेन्सॉरचे नियम प्रथमच लेखी जाहीर झाले. तोवर निर्मात्याला नियम माहीतच नसायचे, फक्त निकाल कळायचा. नियम छापले गेले म्हणजे मोकळीक मिळाली असे नाही, पण कुठवर जाता येईल याचा अंदाज बांधता येऊ लागला. त्याच सुमारास, 1962 मध्ये, होसे मारिया फोर्के यांचा ‘आत्राको आ लास त्रेस’ आला. त्यात बँकेचे कारकूनच आपली शाखा लुटायचा बेत करतात. लोपेस वास्केस पुन्हा प्रमुख भूमिकेत होता. हा सगळ्यांत सुखावह विनोदाचा चित्रपट, म्हणूनच सर्वांत बिनधोक. तरीही आपल्याच संस्थेची तिजोरी फोडण्याची कल्पना त्याने स्पॅनिश प्रेक्षकांच्या घरात नेली, आणि दोन वर्षांनी पेन्शनरांनी ती उचलली.

त्याआधी ‘एल वेर्दुगो’ म्हणजे ‘जल्लाद’ आला आणि मालिकेने सर्वांत उंच टोक गाठले. 1963 चा हा स्पेन-इटली सहनिर्मितीचा चित्रपट बेर्लांगा आणि आस्कोना यांचाच. मागे एक खरी घटना होती. विषप्रयोगाच्या आरोपाखाली दोषी ठरलेल्या पिलार प्रादेस या घरकाम करणाऱ्या बाईला मे 1959 मध्ये व्हॅलेन्सियात गारोतेने मृत्युदंड दिला गेला. गारोते म्हणजे मान लोखंडी पट्ट्यात अडकवून स्क्रूने आवळायचे स्पॅनिश यंत्र. त्या पहाटे जल्लादाचे अवसान गळाले आणि त्यालाच ओढत न्यावे लागले, ही हकिगत बेर्लांगाच्या कानी आली. वधस्तंभाकडे मरणारा स्वतः चालत जातो आणि मारणाऱ्याला फरफटत न्यावे लागते, या एका चित्रावर सगळा चित्रपट उभा आहे.

इस्बेर्त इथे आमादेओ नावाचा निवृत्तीला आलेला जल्लाद आहे. तो अत्यंत सभ्य, घरगुती माणूस आहे. आपली हत्यारे काळ्या बॅगेत घालून ट्रामने फिरावे तसा फिरतो. मुलीचे लग्न होत नाही कारण बाप जल्लाद, आणि शवपेट्या वाहणाऱ्या होसे लुईसला मुलगी मिळत नाही कारण त्याचाही धंदा मरणाचा. दोघे एकत्र येतात. सरकारी नोकराला म्हणून आमादेओला नवा फ्लॅट मिळणार असतो, पण तो निवृत्त होतोय, तेव्हा घर टिकवायचे तर जावयाने जल्लादाची नोकरी धरली पाहिजे. ‘एल पिसितो’तला घराचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो, फक्त या खेपेस घराची किंमत दुसऱ्याचा जीव आहे. सासरा समजावत राहतो की शिक्षा होणार नाही, माफी मिळेल, पगार मात्र दरमहा येईल. सेन्सॉरने चित्रपटाला बऱ्याच ठिकाणी कात्री लावली. बॅगेतल्या लोखंडी हत्यारांचा खळखळाट हाही त्यांना खटकणारा भाग होता. तो आवाज ऐकला की पुढचे काही दाखवायची गरजच उरत नसे, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

चित्रपट व्हेनिसला पोचला तेव्हा स्पेनमध्ये मृत्युदंडाची चर्चा पेटली होती. कम्युनिस्ट नेता हुलियान ग्रिमाऊ याला एप्रिल 1963 मध्ये गोळ्या घालण्यात आल्या होत्या आणि 17 ऑगस्टला दोन अराजकवाद्यांना गारोतेने मारण्यात आले होते. त्यानंतर काही दिवसांतच हा चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. इटलीतले स्पॅनिश राजदूत आल्फ्रेदो सांचेस बेया यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहून ही स्पेनची बदनामी आहे अशी तक्रार केली. तरीही समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे इटलीतल्या फ्रँकोविरोधकांनीही आधी निदर्शने केली, कारण स्पेनमधून अधिकृतपणे आलेला चित्रपट राजवटीचाच असणार असे त्यांना वाटले.

‘लोस दिनामितेरोस’ला ही पार्श्वभूमी आहे. हाही स्पेन-इटली सहनिर्मितीचा चित्रपट. इस्बेर्त आता 78 वर्षांचा होता. त्याच्या जोडीला मेक्सिकोहून सारा गार्सिया आली. मेक्सिकन सिनेमात ती ‘देशाची आजी’ म्हणून ओळखली जाई. तरुण वयातच म्हातारीच्या भूमिकेसाठी तिने आपले दात काढून घेतले होते, असे तिच्याविषयी सांगतात, आणि तिथल्या एका लोकप्रिय चॉकलेटच्या वेष्टनावर पुढे तिचाच चेहरा आला. तिसरा गडी नेपल्सचा कार्लो पिसाकाने. 1958 च्या मारिओ मोनिचेल्लीच्या ‘इ सोलिति इन्योति’ या चोरीपटात सतत काहीतरी खात असलेला म्हातारा कापान्नेल्ले तोच. तीन देशांतले तीन म्हातारे एका कटात बसवण्यामागे सहनिर्मितीचा हिशोब होताच, पण पडद्यावर तो हिशोब जाणवत नाही.

युरोपात तेव्हा चोरीपटांची लाट होती. ज्यूल्स दासँच्या 1955 च्या ‘रिफिफी’मधला जवळजवळ अर्ध्या तासाचा, एकही संवाद नसलेला तिजोरीफोडीचा प्रसंग या लाटेचा उगम. मोनिचेल्लीने त्याची थट्टा करून बेकार, अर्धपोटी इटालियनांची कथा सांगितली. आतिएन्साने तोच साचा आणखी पुढे नेला. त्याचे चोर पेन्शनर आहेत. हात थरथरतात, कानांना ऐकू कमी येते, जिने चढताना दम लागतो. चोरीपटातला नायक चपळाईवर आणि थंड डोक्यावर जिंकतो. या तिघांकडे त्यांतले काही नाही, पण एक मोठी सोय आहे: त्यांच्याकडे कुणी पाहतच नाही. म्हातारा माणूस दारात, रांगेत, बाकावर तासन्‌तास बसला तरी कुणाला संशय येत नाही.

‘एल कोचेसितो’ची धार या चित्रपटाला नाही, हे मान्य केले पाहिजे. फेरेरी प्रेक्षकाला सुटायला जागा ठेवत नाही. आतिएन्साला आपल्या म्हाताऱ्यांविषयी माया आहे आणि ती विनोदाला मऊ करते. पण एका बाबतीत तो मालिकेतल्या सगळ्यांपेक्षा नेमका आहे. डॉन आन्सेल्मोचा राग घरच्यांवर होता. या तिघांचा राग एका संस्थेवर आहे, जिने त्यांची आयुष्यभराची वर्गणी घेतली आणि परत करताना हात आखडला. तिजोरीतला पैसा परका नाही, आपलाच आहे, ही त्यांची समजूत प्रेक्षकालाही पटते. हुकूमशाहीत संप बेकायदा, मोर्चा बेकायदा, स्वतंत्र संघटना बेकायदा. तिथे तीन वृद्धांनी सुरुंगाची वात हातात घेणे हा त्यांना उरलेला तक्रार अर्ज आहे.

योगायोग असा की चित्रपट आला त्याच सुमारास या व्यवस्थेची अखेर कागदावर ठरली होती. 28 डिसेंबर 1963 च्या कायद्याने विखुरलेल्या विमा योजना आणि धंदेवार संस्था एका सामाजिक सुरक्षा यंत्रणेत आणण्याची तत्त्वे मांडली. नवी यंत्रणा 1 जानेवारी 1967 पासून लागू झाली. पेपे इस्बेर्त त्याच्या महिनाभर आधी, 28 नोव्हेंबर 1966 रोजी माद्रिदमध्ये वारला.

मालिका तोवर विरली होती. बेर्लांगाला ‘एल वेर्दुगो’नंतर स्पेनमध्ये बरीच वर्षे नीट काम करता आले नाही. आतिएन्सा सिनेमापासून दूर जाऊन टेम्पलर सरदार आणि स्पेनमधली गूढ स्थळे यांवर पुस्तके लिहू लागला आणि त्याच ओळखीने पुढच्या पिढीला माहीत झाला. 2011 मध्ये तो वारला. पोर्ताबेया फ्रँकोनंतरच्या पहिल्या निवडणुकीत, 1977 मध्ये, सिनेटवर निवडून गेला. आस्कोना मात्र 2008 पर्यंत, मरेपर्यंत लिहीत राहिला. पर्यटन आणि परदेशी गेलेल्या कामगारांच्या पैशाने 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात देश श्रीमंत होऊ लागला, तसा पडद्यावरचा विनोदही समुद्रकिनाऱ्याकडे वळला. अमेरिकेत तीन म्हाताऱ्यांनी बँक लुटण्याची गोष्ट, मार्टिन ब्रेस्टचा ‘गोइंग इन स्टाइल’, आली ती 1979 मध्ये, आतिएन्साच्या चित्रपटानंतर पंधरा वर्षांनी.

स्पॅनिश मालिकेतले हे पाचही चित्रपट क्रमाने पाहिले तर सर्वाधिक समजतात. ‘एल कोचेसितो’ पाहणाऱ्याने मात्र हाती कोणती प्रत आहे ते आधी तपासावे. कुटुंब वाचते ती सेन्सॉरने बदलायला लावलेली प्रत. फेरेरी आणि आस्कोना यांनी रचलेली गोष्ट हवी असेल, तर कुटुंब मरते ती प्रतच पाहावी.